पातळ संडास होते, तरी पोट तुंबलेले असते

संडासबद्दल घरात बोलायला आपण लाजतो. सासऱ्याला तर सुनेला सांगताच येत नाही. म्हणून आठ-आठ दिवस पोट साफ झालेले नसते आणि घरात कुणाला पत्ताही नसतो.

रोज झालीच पाहिजे असे नाही. कुणाला दिवसातून दोनदा, कुणाला एक दिवसाआड. सवय असेल तर ते ठीक. पण आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा होत असेल, खडे पडत असतील, जोर करावा लागत असेल, तर ती बद्धकोष्ठता.

मोठे आतडे मळातले पाणी शोषून घेते. मळ जितका जास्त दिवस आत, तितका कोरडा. खाटेवर पडून असलेल्या माणसाच्या गुदाशयात तो ढेकळासारखा घट्ट बसतो. मग वरचा पातळ मळ त्या ढेकळाच्या बाजूने झिरपतो आणि लुगडे खराब होते. घरचे म्हणतात, आजीला हगवण लागली, आणि मेडिकलमधून संडास बांधणारी गोळी आणतात. त्या गोळीने आतडे आणखी सुस्त होते. वॉर्डात काम करताना मी हे पुष्कळदा पाहिले आहे. म्हणून गोळी देण्याआधी विचारा: पातळ व्हायच्या आधी किती दिवस नीट झाली नव्हती? पोट टणक आहे का? लघवी अडते का? म्हातारे माणूस अचानक असंबद्ध बोलू लागले का? असे असेल तर दवाखान्यात हातमोजा घालून बोटाने तपासायला सांगा. दोन मिनिटांचे काम आहे, त्यात लाज कसली?

आपल्या यवतमाळचा उन्हाळा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि तरी वस्तीतल्या म्हाताऱ्या बाया पाणी मुद्दाम कमी पितात. कारण संडास लांब, अंधारात, दाराला कडी नाही. यात त्यांचा दोष नाही. दिवा, कडी आणि धरायला दांडा ही मागणी नगर परिषदेकडे, ग्रामसभेत लेखी द्या. दुसरे कारण दात. भाकर चावत नाही म्हणून चहा-बिस्किटावर दिवस निघतो. तिसरे कारण औषधे: लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, दुखण्यावरची ट्रॅमाडॉल, बीपीच्या आणि मानसिक आजाराच्या काही गोळ्या. स्वतःहून बंद करू नका, सगळी पिशवी डॉक्टरांपुढे ओता. (खर्रा खाल्ल्याशिवाय होतच नाही म्हणणारेही आहेत. तंबाखूने आतडे हलते हे खरे, पण तोंडाचा कॅन्सर होतो हेही खरे.)

भाकर वरणात कुस्करून द्या. पालेभाजी, पिकलेली पपई द्या. हृदयाचा किंवा किडनीचा आजार नसेल तर दिवसाला सात-आठ ग्लास पाणी. सकाळी चहानंतर अर्ध्या तासात बसवा, कारण पोटात काही गेले की आतडे हलते. कमोडची खुर्ची असेल तर पायाखाली पाट ठेवा. इसबगोल भरपूर पाण्यासोबतच. पाणी कमी पिणाऱ्या, खाटेवरच्या माणसाला ते देऊ नका, तेच अडकते. त्याच्यासाठी डॉक्टर लॅक्टुलोजसारखे पातळ औषध देतात.

आतडे पूर्ण बंद होणे ही वेगळी गोष्ट. पोट फुगते, थांबून थांबून कळा येतात, उलट्या होतात, संडास नाही आणि वाराही सरत नाही. मळाचे ढेकूळ, आतड्याला पडलेला पीळ, अडकलेला हर्निया, जुन्या ऑपरेशनचे चिकटलेले पडदे, गाठ, काहीही कारण असू शकते. अशा वेळी एरंडेल नाही, जुलाब नाही, एनिमा नाही, पोट चोळणे नाही, खायला-प्यायला काही नाही. रक्तपुरवठा तुटला तर आतडे काही तासांत सडते. १०८ ला फोन करा, गाडी फुकट येते. जिथे सर्जन आहे तिथेच न्या. जिल्ह्यात यवतमाळचे शासकीय मेडिकल कॉलेज आहे. तिथे एक्स-रे काढतात, सलाईन लावतात, नाकातून नळी घालून पोट हलके करतात. काहींना ऑपरेशन लागते.

इतकी घाई नसली तरी पन्नाशीनंतर संडासची सवय नव्याने बदलली, रक्त पडले, वजन उतरले, तर मूळव्याध समजून बसू नका. कॅन्सरची तपासणी करून घ्या.

निघताना रेशन कार्ड, आधार आणि औषधांची पिशवी सोबत घ्या. शेवटची संडास कधी झाली आणि वारा कधी सरला, हे कागदावर लिहून न्या. डॉक्टर पहिले तेच विचारतील.