नाव सांगू नका, विचारा



सातपुड्यातल्या आमच्या वॉर्डात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ, त्यामुळे रक्त वारंवार चढवावं लागतं. एकदा एकाच नावाच्या दोघी शेजारशेजारी होत्या. मी नाव घेऊन विचारलं, "तूच ना?" तिनं मान हलवली. पिशवी दुसरीची होती! सोबतच्या सिस्टरनं नंबर ताडला म्हणून निभावलं. तिला मराठी कळत नव्हतं, आणि सिस्टरला 'नाही' कसं म्हणायचं?

आता आम्ही पावरीत विचारतो: नाव काय, बापाचं नाव, गाव कोणतं? केसपेपर आणि पिशवी दोघी मिळून ताडतो. पहिली १५ मिनिटं खाटेजवळून हलत नाही. चुकीच्या रक्ताचा त्रास बहुधा तेव्हाच दिसू लागतो.

रात्रपाळीला दुसरी सिस्टर मात्र रोज मिळत नाही. त्यासाठी प्रार्थना करा.