लॉगची ओळ शेवटाकडून वाचा

आजच्या भागाचं हे लिखित रूप.

आमच्या खांडबाऱ्यात सुरतेच्या गाडीत बसण्याआधी पॉडकास्टचे भाग मेमरी कार्डवर उतरवून ठेवणारे माझे बरेच मित्र आहेत. त्यांचा नेहमीचा प्रश्न: "अ‍ॅप म्हणतंय फाइलच सापडत नाही. कार्ड फॉरमॅट मारू का?" थांबा! त्याच कार्डवर आजीच्या आवाजातली गाणी असतात, लग्नाचे फोटो असतात. आधी लॉग वाचू.

लॉग म्हणजे फोनची रोजनिशी. काही अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये तो मिळतो, नाहीतर डेव्हलपर ऑप्शन्समधून बग रिपोर्ट काढायचा. त्यातली ओळ इंग्रजीत असते, वाचायला साधारण अशी:

फाइल नॉट फाउंड एक्सेप्शन: /स्टोरेज/१ए२बी-३सी४डी/पॉडकास्ट्स/भाग१२.एमपी३: ओपन फेल्ड: परमिशन डिनाइड

सुरुवातीला तक्रारीचं नाव, मध्ये पत्ता, शेवटी कारण. गोंधळ होतो तो नावामुळे. फाइल जागेवर असली, पण उघडता आली नाही, तरी अँड्रॉइड 'फाइल नॉट फाउंड'च म्हणू शकतं. खरं काय झालं ते ओळीच्या शेवटी असतं.

पत्ता बघा. 'इम्युलेटेड/०' म्हणजे फोनची आतली मेमरी. शून्य म्हणजे फोनचा पहिला वापरकर्ता. मध्ये रेघ असलेला आठ अक्षरांचा आकडा म्हणजे मेमरी कार्डचा क्रमांक. कार्ड फॉरमॅट केलं की हा क्रमांक बदलतो आणि अ‍ॅपकडे असलेला जुना पत्ता चुकीचा ठरतो.

आता कारणं.

परमिशन डिनाइड (ई-ए-सी-सी-ई-एस): फाइल बहुतेक आहे, पण अ‍ॅपला परवानगी नाही. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून अ‍ॅपना कुठल्याही फोल्डरमध्ये मोकळेपणी फिरता येत नाही. ११ मध्ये नियम आणखी कडक झाले. अ‍ॅपमध्ये जाऊन फोल्डर पुन्हा निवडा.

नो सच फाइल ऑर डिरेक्टरी (ई-एन-ओ-ई-एन-टी): त्या पत्त्यावर काही नाही. कार्ड सैल झालंय का, फोल्डरचं नाव बदललंय का, ते तपासा.

नो स्पेस लेफ्ट (ई-एन-ओ-एस-पी-सी): जागा संपली. जुने भाग उडवा.

आय-ओ एरर (ई-आय-ओ): हे गंभीर. कार्ड वाचताना किंवा लिहिताना अडतंय. नवीन काही साठवू नका, आधी महत्त्वाचं दुसरीकडे कॉपी करा.

आणि "अ‍ॅप काढून परत टाक" हा सल्ला लगेच ऐकू नका. 'अँड्रॉइड/डेटा'मधलं त्या अ‍ॅपचं फोल्डर अ‍ॅपसोबतच पुसलं जातं, डाउनलोड केलेले भागही जातात.

एक शेवटचं: बग रिपोर्टमध्ये तुमची खासगी माहिती असू शकते. पूर्ण फाइल ग्रुपवर टाकू नका, चुकीची तेवढी ओळ पाठवा. उत्तर शोधायला तेवढी बहुतेक वेळा पुरते.