विचारून दिली जाणारी वीज

संगणक, कॅमेरे, टेलिफोन आणि वाय-फायची यंत्रे एकमेकांना जोडणारी तांब्याची केबल म्हणजे इथरनेट केबल. याच केबलमधून माहितीबरोबर त्या यंत्रांना लागणारी वीजही पाठवण्याच्या पद्धतीला ‘पॉवर ओव्हर इथरनेट’ किंवा, कॅमेरे बसवणाऱ्या कारागिरांच्या बोलीत, नुसते ‘पीओई’ म्हणतात. हिच्यामुळे विजेची वेगळी वायर वाचते, हा फायदा सर्वांच्या लक्षात येतो. तथापि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यासारख्या, क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठ्या आणि वस्त्या-वाड्यांनी विखुरलेल्या प्रदेशात तिचे खरे मोल निराळे आहे. वीज गेल्यावर कोणती यंत्रे चालू ठेवायची आणि ती जबाबदारी कोणाची, हा प्रश्न ती गावभरच्या खांबांवरून उचलून एका खोलीत आणून ठेवते.

विजेचा प्रश्न स्वतः हाती घेण्याची या जिल्ह्याची परंपरा जुनी आहे. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेने श्रीरामपूर-राहुरीच्या परिसरात चार दशके वीजवाटप केले आणि २०११ मध्ये ते काम महावितरणकडे गेले. शेतीपंपांना दिवसा सौरवीज देण्याच्या राज्याच्या योजनेच्या पहिल्या प्रकल्पांपैकी एक प्रकल्पही पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीलाच झाला. गावठाण आणि शेती यांच्या वीजवाहिन्या वेगळ्या असल्यामुळे एकाच गावात दोन ठिकाणी विजेच्या वेळा वेगवेगळ्या असू शकतात. वेशीबाहेरच्या खांबावर कॅमेरा बसवून त्याला जवळच्या शेतीच्या जोडणीतून वीज दिली, तर पंपांची वीज बंद होताच तो कॅमेराही बंद पडतो, आणि नेमकी तीच वेळ चोरट्यांच्या सोयीची असते.

दुसरीकडे, २०११ मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या आणि पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या योजनेत ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू पोहोचवण्याचे काम सुरू झाले. प्रकाशतंतू म्हणजे केसासारखी बारीक काच. तिच्यातून माहिती प्रकाशाच्या रूपाने कितीही वेगाने धावली, तरी कॅमेरा किंवा राउटर चालवण्याजोगी वीज तिच्यातून येत नाही. त्यामुळे दिल्ली-मुंबईपासून आलेली माहिती ग्रामपंचायतीच्या भिंतीवरील पेटीत उतरल्यानंतर पुढचे शेवटचे १०० मीटर तांब्यालाच पार पाडावे लागतात, आणि पीओईचे क्षेत्र नेमके हेच आहे.

या केबलमध्ये आठ बारीक तारा असून त्या दोन-दोन करून चार जोड्यांत पिळलेल्या असतात. जोडीतील दोन तारांमधील दाबाचा फरक क्षणोक्षणी बदलत राहतो आणि तो फरक म्हणजेच संदेश. पलीकडचे यंत्र केवळ हा फरक वाचते. आता एका जोडीच्या दोन्ही तारांवर सारखाच स्थिर दाब चढवला आणि दुसऱ्या जोडीतून प्रवाह परत घेतला, तर प्रत्येक जोडीतील आपसांतला फरक जसाच्या तसा राहतो, म्हणून संदेशाला बाधा येत नाही, आणि दोन जोड्यांमध्ये मात्र विजेचा पूर्ण दाब मिळतो. केबलच्या दोन्ही टोकांना असलेल्या चिमुकल्या रोहित्रांच्या वेटोळ्याच्या मध्यबिंदूतून ही वीज आत घातली आणि बाहेर काढली जाते. कल्पना नवी नव्हे: सभागृहातील काही मायक्रोफोनना ध्वनीच्याच तारेतून ४८ व्होल्टची वीज मिळते, आणि घरातला जुना तारेचा टेलिफोन लोडशेडिंगमध्येही वाजत असे, कारण त्याला वीज एक्स्चेंजमधील ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांकडून त्याच तारेने येत असे. मोबाइल आल्यावर समाज ही सोय विसरला. संगणकाच्या तारेने ती परत आणली.

४८ व्होल्टच का, हे समजण्यास थोडे गणित पुरते. १० वॉटचा कॅमेरा १२ व्होल्टवर चालवायचा तर सुमारे ०.८ अँपिअर प्रवाह लागतो. चांगल्या प्रतीच्या १०० मीटर केबलचा जाण्या-येण्याचा मिळून रोध १२.५ ओहमपर्यंत असू शकतो. अशा केबलमध्ये एवढ्या प्रवाहाने १२ पैकी जवळजवळ १० व्होल्ट वाटेतच खर्ची पडतील आणि कॅमेऱ्यासाठी फारसे काही उरणार नाही. तीच शक्ती ४८ व्होल्टवर पाठवली, तर प्रवाह चौथाई होतो आणि तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज सोळाव्या हिश्श्यावर येते. दाब याहून खूप वाढवता येत नाही, कारण मग माणसाला धक्का बसण्याचा धोका वाढतो.

२००३ मध्ये विद्युत अभियंत्यांच्या ‘आयट्रिपलई’ या जागतिक संस्थेने या पद्धतीचे पहिले मानक ठरवले, त्यानुसार स्रोताने १५.४ वॉटपर्यंत वीज द्यावी आणि यंत्राने १२.९५ वॉटवर भागवावे, असे ठरले. मधला सुमारे अडीच वॉटचा फरक म्हणजे लांब केबलला द्यावी लागणारी खंडणी. २००९ मध्ये स्रोताची मर्यादा ३० वॉट झाली आणि २०१८ मध्ये चारही जोड्या वापरून ती ९० वॉटपर्यंत गेली. या मानकांतील खरी चतुराई मात्र वॉटच्या आकड्यांत नसून देण्याच्या रीतीत आहे. पीओई स्विच, म्हणजे अनेक केबली जिथे एकत्र येतात ती पेटी, केबल जोडल्या जोडल्या वीज सोडत नाही. ती आधी १० व्होल्टच्या आत, निरुपद्रवी दाबाने पलीकडे चाचपून पाहते. तिथे सुमारे २५ हजार ओहमचा ठरावीक रोध सापडला, तरच समोर वीज मागणारे यंत्र आहे असे मानते, मग त्याची गरज किती ते विचारते आणि त्यानंतरच पूर्ण दाब देते. केबल काढली की प्रवाह थांबल्याचे ओळखून काही दशांश सेकंदांत वीज तोडली जाते. चुकून साधा लॅपटॉप जोडला तरी तो सुरक्षित राहतो, तो यामुळेच.

बाजारात मिळणारी स्वस्त ‘पॅसिव्ह’ उपकरणे ही विचारपूस करत नाहीत. २४ किंवा ४८ व्होल्टचा अडॅप्टर तारेत सरळ वीज ओततो. छतावरच्या इंटरनेटच्या अँटेनांसाठी ही रीत रूढ आहे आणि जुळणाऱ्या यंत्राबरोबर ती नीट चालतेही, परंतु भलते यंत्र जोडले तर ते जळू शकते. याहून फसवा प्रकार केबलचा. तांब्याचा नुसता मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या तारा दिसायला हुबेहूब तांब्याच्या, किमतीला कमी, पण रोध दीडपटीहून जास्त. अशा केबलवरचा कॅमेरा दिवसा ठणठणीत चालतो आणि अंधार पडताच बंद-चालू होऊ लागतो, कारण रात्री त्याचे अवरक्त दिवे पेटतात, प्रवाह वाढतो आणि टोकाला दाब पुरत नाही. दोष कॅमेऱ्यावर ढकलला जातो, कॅमेरा बदललाही जातो, आणि नवाही तसाच वागतो.

केबल खरी तांब्याची असेल, तर हिशेब सुखद आहे. प्रत्येकी ७ वॉटचे चार कॅमेरे, स्विच आणि चित्रण साठवणारे यंत्र मिळून सुमारे ५० वॉट धरले, तर १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या नेहमीच्या इन्व्हर्टर बॅटरीतील निम्मीच ऊर्जा वापरण्याजोगी मानली तरी ती १८ तास पुरते. एरवी चार खांबांवर चार पेट्या, चार अडॅप्टर आणि चार ठिकाणची पाणी शिरण्याची भीती. इथे मात्र पाणी तपासायची एकच बॅटरी, तीही शिपायाच्या नजरेसमोर. अडकलेला कॅमेरा बंद करून पुन्हा चालू करायलाही शिडी लागत नाही, स्विचवरून ते बसल्या जागी होते. शिर्डीतील हॉटेलांच्या मार्गिकांत छताला लावलेल्या वाय-फायच्या तबकड्यांसाठीही हीच सोय उपयोगी पडते.

उणिवा नाहीत असे नाही. सगळ्यांचा आधार एक झाल्यावर तो बिघडला की सगळेच अंधारात जातात. शिवाय एप्रिल-मेमधील वळवाच्या विजा खांबावरच्या लांब तांब्याच्या तारेतून स्विचपर्यंत पोहोचू शकतात, म्हणून दोन्ही टोकांना विद्युतलाट अडवणारे उपकरण आणि नीट केलेले अर्थिंग हवे, आणि दोन इमारतींमध्ये तांब्याऐवजी प्रकाशतंतूच टाकावा.

केबलच्या लांबीवरची १०० मीटरची मर्यादा ही सर्वांत जाचक. प्रवरानगरला १९५० मध्ये पहिला हंगाम घेणाऱ्या सहकारी साखर कारखान्यापासून जिल्हाभर पसरलेल्या कारखान्यांत गव्हाण, वजनकाटा आणि उसाच्या गाड्यांचा तळ ही ठिकाणे कार्यालयापासून याहून दूर असतात. २०१९ मध्ये ठरलेल्या एका नव्या मानकाने, आठांऐवजी केवळ दोन तारांच्या एकाच जोडीतून, १,००० मीटरपर्यंत माहिती नेण्याची वाट मोकळी केली असून त्याच जोडीतून थोडी वीजही देता येते. वेग सेकंदाला १० मेगाबिट, म्हणजे एकाहून अधिक सुस्पष्ट कॅमेऱ्यांसाठी तोकडा; टाकीतील पातळी, रसाचे तापमान किंवा काट्यावरचे वजन कळवणाऱ्या संवेदकांना मात्र तो पुरून उरतो.