क्षयरोग : निदान, नियंत्रण आणि अर्धवट उपचारांचा धोका

डॉ. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली अमेरिकेत वैद्यकीय पदवी संपादन केली आणि मायदेशी परतल्यावर काही महिन्यांतच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुणे येथे क्षयरोगाने त्यांचे निधन झाले. तेव्हा त्या अवघ्या २१ वर्षांच्या होत्या. त्यापूर्वी पाच वर्षे, २४ मार्च १८८२ रोजी, रॉबर्ट कॉख यांनी क्षयजंतूचा शोध जाहीर केला होता. परंतु रोगाचे कारण कळले तरी औषध उपलब्ध नव्हते. आज औषध आहे, तेही शासनामार्फत विनामूल्य मिळते. तरीही माणसे दगावतात, ही चिंतेची बाब आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ साली क्षयरोगास जागतिक आणीबाणी म्हणून घोषित केले. संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ या एका वर्षात जगात सुमारे १ कोटी ८ लाख व्यक्तींना हा रोग झाला व साडेबारा लाख व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. या रुग्णांपैकी सुमारे २६ टक्के रुग्ण भारतातील होते.

फुफ्फुसाचा क्षयरोग हवेतून पसरतो. उपचार न घेतलेला रुग्ण खोकतो, शिंकतो वा बोलतो तेव्हा त्याच्या श्वासावाटे जंतू बाहेर पडतात. भांडी वेगळी ठेवल्याने रोग टळत नाही. खिडक्या उघड्या ठेवल्याने, तोंडावर रुमाल धरल्याने आणि वेळेवर औषध सुरू केल्याने प्रसार रोखता येतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला, सायंकाळी येणारा ताप, वजन घटणे, भूक मंदावणे, थुंकीतून रक्त पडणे ही प्रमुख लक्षणे होत. अनेक रुग्ण महिना-दोन महिने खोकल्याच्या बाटल्या बदलण्यात घालवतात. त्या काळात घरातील मुलाबाळांना संसर्ग होत राहतो.

निदानासाठी थुंकीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी ही जुनी व विश्वासार्ह पद्धत आहे. आता सीबीनॅट व गोव्यातील कंपनीने विकसित केलेली ट्रूनॅट ही यंत्रे काही तासांत जंतू शोधतात आणि रिफाम्पिसिन या प्रमुख औषधाला तो दाद देईल की नाही, हेही सांगतात. छातीच्या क्ष-किरण तपासणीने संशय बळावतो. मात्र शक्य तेथे थुंकीच्या तपासणीने खात्री करणे आवश्यक आहे. रक्तातील प्रतिपिंडांवरून क्षयरोग ठरविणाऱ्या चाचण्या अविश्वसनीय ठरल्याने २०१२ साली भारतात त्यांवर बंदी आली.

साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधे व पुढील चार महिने तीन औषधे दररोज घ्यावयाची असतात. खरी अडचण येथेच उद्भवते. पहिल्या काही आठवड्यांत ताप उतरतो, भूक लागते आणि रुग्णास आपण बरे झालो असे वाटते. शरीरात मात्र काही जंतू शिल्लक असतात. औषध मध्येच सुटले तर रोग उलटतो आणि औषधाला न जुमानणारे जंतू वाढण्याचा धोका असतो. अशा प्रतिरोधी रोगाचे उपचार अधिक खडतर व अधिक खर्चाचे आहेत.

बीबी परिसरात यास आणखी एक कारण आहे. दसरा-दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी, वीटभट्ट्यांवर वा मोठ्या शहरांत कामासाठी जातात. उपचार सुरू असतानाच बिऱ्हाड हलते आणि नोंदवहीत ‘रुग्ण पुन्हा आला नाही’ एवढीच ओळ उरते. वास्तविक प्रत्येक नोंदणीकृत रुग्णास निक्षय क्रमांक मिळतो. गाव सोडण्यापूर्वी कळविल्यास त्या क्रमांकाच्या आधारे उपचार जेथे जाईल तेथील शासकीय आरोग्य केंद्राकडे वर्ग करता येतात. हा क्रमांक रुग्णाने जवळ जपून ठेवावा.

राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमांतर्गत २०१२ पासून खासगी व धर्मादाय रुग्णालयांनाही प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद शासनाकडे करणे बंधनकारक आहे. ही नोंद म्हणजे केवळ कागदी सोपस्कार नव्हे. मोफत औषधे, घरातील व्यक्तींची तपासणी व प्रतिबंधक उपचार यांची वाट तेथूनच सुरू होते. पोषण आहारासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये दिले जात; नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १००० रुपये झाली आहे.

आहाराचे महत्त्व झारखंडमधील अभ्यासाने सिद्ध केले आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात रुग्णाच्या घरच्यांना दरमहा शिधा दिला असता, त्या घरांत नव्याने क्षयरोग होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी आढळले.

जमाखर्च लिहिण्यात आयुष्य गेलेल्या माणसास हा हिशेब सहज कळतो. तांदूळ, डाळ व तेल यांवरील खर्च अल्प असतो. अर्धवट उपचारांची किंमत मात्र संपूर्ण कुटुंब फेडते. म्हणून आमच्या देणगीदारांना व हितचिंतकांना नम्र विनंती, की आपण एखाद्या क्षयरुग्णाच्या घरच्या सहा महिन्यांच्या शिध्याचा भार उचलावा. ग्रामस्थांनीही दोन आठवडे खोकणाऱ्या शेजाऱ्यास लाज न बाळगता तपासणीस घेऊन यावे. आनंदीबाईंच्या काळी जे अशक्य होते, ते आज आपल्या हाती आहे.