मन एक, हाका अनेक

हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावरील ओठ ‘गा-गा’ म्हणत होते, ध्वनिफितीवर आवाज मात्र ‘बा-बा’ असा होता. बहुतेक प्रौढांना ऐकू आले ते ‘दा-दा’! डोळा आणि कान आपापले अहवाल देतात; मेंदू ते एकत्र करतो आणि मगच आपल्याला ‘अनुभव’ येतो.

काही व्यक्तींमध्ये हे मिश्रण याहून गाढ असते. त्यांना अक्षरांना रंग दिसतात, सुरांना चव लागते. याला सहसंवेदन म्हणतात. तो आजार नव्हे. रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लूरिया यांनी सोलोमन शेरेशेव्स्की या बातमीदाराचा सुमारे तीस वर्षे अभ्यास केला आणि १९६८ साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. शब्दांच्या लांबलचक याद्या शेरेशेव्स्कीला वर्षानुवर्षांनंतरही तंतोतंत आठवत. परंतु एखादा उतारा समजून घेताना हीच देणगी आड येई. शब्दागणिक एक चित्र उभे राही, चित्रांची गर्दी होई आणि अर्थ निसटून जाई.

त्याच्या मनात आतून उठणारी ही गर्दी आज आपण खिशात बाळगून हिंडतो. एकाच घटनेच्या खुणा मेंदू लीलया सांधतो. पण विचार मागणारी दोन स्वतंत्र कामे त्याला सांधता येत नाहीत. तो आळीपाळीने इकडून तिकडे वळतो आणि प्रत्येक वळणावर वेळ व अचूकपणा खर्ची पडतो. अमेरिकेत स्ट्रेयर आणि जॉन्स्टन यांनी २००१ साली वाहन चालवण्यासारखे काम देऊन प्रयोग केले. फोनवर बोलताना सिग्नल नजरेतून सुटण्याचे प्रमाण सुमारे दुप्पट झाले. फोन हातात धरला काय, न धरला काय, फरक पडला नाही. अडचण हाताची नव्हती, अवधानाची होती.

म्हणूनच ‘हल्लीच्या मुलांचे लक्षच नसते’ हा शेरा अपुरा आहे. तास चालू असताना शिक्षकाकडे माहिती मागणारा संदेश, हातातली फाईल बाजूला सारून कारकुनाने तत्क्षणी उत्तर द्यावे ही वरिष्ठांची अपेक्षा, रात्री उशिरापर्यंत विद्यार्थ्यांच्या फोनवर येणाऱ्या सूचना, ही व्यवस्था मुलांनी उभारलेली नाही. तातडीची कामे असतात, हे मान्य; पण प्रत्येकच काम तातडीचे ठरले, तर तातडी या शब्दाला अर्थ उरत नाही.

तेव्हा एकाग्रतेचा उपदेश करण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनीच काही तास निर्वेध राखावेत. शाळेत तासाला आणि कचेरीत बारकाईच्या कामाला संदेशांचा उपसर्ग नसावा. घरी अभ्यासाच्या वेळी सर्वांचेच फोन दुसऱ्या खोलीत असावेत. शेरेशेव्स्कीला आपल्या मनातली गर्दी आवरणे फार कठीण गेले. आपली गर्दी बाहेरची आहे. ती दाराबाहेर थांबवणे आपल्या हाती आहे.