संगणकाची दारं : भाग ९
छपाईची सेवा कुणाचं ऐकते?

मागच्या भागात आपण दूरवरून लॉगिन करण्याची सोय पाहिली. तो लेख वाचून ओळखीच्या एका शिक्षिकेनं विचारलं, "माझ्या लॅपटॉपला प्रिंटरच नाही, मग उघड्या पोर्टच्या यादीत ६३१ हा आकडा कशाला दिसतोय?" त्यांच्या लॅपटॉपवर उबुंटू होतं. प्रश्न इतका नेमका होता, की या आठवड्यासाठी ठरवलेला विषय मी बाजूला ठेवला.

प्रिंटर असो वा नसो, छपाईची सेवा बहुतेक संगणकांवर सुरुवातीपासूनच जागी असते. लिनक्स आणि मॅकवर तिचं नाव कप्स, विंडोजवर प्रिंट स्पूलर. आपण 'प्रिंट'वर क्लिक केलं की मजकूर आधी तिच्याकडे जातो. ती तो रांगेत लावते, प्रिंटरला कळेल अशा भाषेत बदलते आणि पुढे धाडते. शिवाय कचेरीतल्या दहा जणांना एकाच प्रिंटरवर छापता यावं म्हणून ती नेटवर्कवरूनही कामं स्वीकारू शकते. म्हणजे ती एक सर्व्हर आहे. वेबसाइटच्या सर्व्हरवर कुणीतरी नजर ठेवून असतं. हिच्याकडे मात्र काही छापायचं अडल्याशिवाय कुणी फिरकत नाही. मला काळजी वाटते ती याचीच.

सप्टेंबर २०२४ मध्ये सिमोने मार्गारितेल्ली या इटालियन संशोधकानं जे दाखवलं, ते सावकाश समजून घेण्यासारखं आहे. कप्स स्वतः बहुतेक लिनक्सवर फक्त त्याच संगणकाचं ऐकतं. महादरवाजा बंदच होता. पण शेजारी कप्स-ब्राउझ्ड नावाची एक छोटी सेवा चालू असे. आसपासचे प्रिंटर शोधून यादीत भरायचे, एवढंच तिचं काम. त्यासाठी ती ६३१ क्रमांकाच्या यूडीपी पोर्टवर कान लावून बसे, आणि बोलणारा कोण आहे हे विचारत नसे. वाड्याचा महादरवाजा लावलेला, पण दिंडी सताड उघडी, अशी ही गत.

हल्ला असा होता. बाहेरचा कुणीही या पोर्टवर एक छोटासा संदेश पाठवी : "मी प्रिंटर आहे, माझा पत्ता हा." ब्राउझ्ड त्या पत्त्यावर जाऊन प्रिंटरची माहिती मागे आणि आलेली माहिती न तपासता प्रिंटरच्या वर्णनाच्या फाइलमध्ये उतरवून घेई. या फाइलमध्ये 'छापताना हा आदेश चालवा' असं सांगणारी ओळ घालता येते. काही जुन्या प्रिंटरांना तिची खरोखरच गरज असते. हल्लेखोर तिथे स्वतःचा आदेश घाली. मग वापरणाऱ्यानं त्या खोट्या प्रिंटरवर एखादं पान पाठवलं, की तो आदेश त्याच्याच संगणकावर चाले.

इथे दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. वापरणाऱ्यानं छपाई केल्याशिवाय हा हल्ला पुरा होत नसे, आणि तो आदेश रूट या सर्वाधिकारी खात्याच्या नव्हे, छपाईसाठी राखलेल्या साध्या खात्याच्या हक्कानं चाले. त्यामुळे सुरुवातीला त्याला दहापैकी जी ९.९ इतकी तीव्रता दिली गेली, त्यावर बराच वाद झाला. माझ्या मते वाद तीव्रतेचा असू शकतो, उघड्या दिंडीचा नाही. संदेश ऐकण्याची ती रीत कप्सच्या जुन्या काळातली होती. खुद्द कप्सनं २०१२ मधल्या १.६ आवृत्तीत ती सोडून दिली होती. जुन्या यंत्रांची सोय म्हणून ब्राउझ्डनं ती पुढे चालू ठेवली. बारा वर्षं ती तशीच राहिली.

आता तुमच्या संगणकावर पाहा. लिनक्सवर टर्मिनल उघडून 'ss -tuln' हा आदेश द्या आणि ६३१ असलेल्या ओळी शोधा. पत्ता १२७.०.०.१ असेल तर सेवा फक्त घरातल्यांचं ऐकते आहे. शिक्षिकाबाईंच्या यादीत एक ओळ अशीच होती, म्हणजे निर्धोक. दुसऱ्या ओळीत मात्र ०.०.०.० होतं, आणि त्याचा अर्थ 'जो बोलेल त्याचं ऐकीन' असा होतो. ती ओळ ब्राउझ्डची होती. आम्ही 'सिस्टीमसीटीएल'नं ती सेवा थांबवली, पुन्हा सुरू होणार नाही अशी डिसेबल केली, आणि मग सगळे अपडेट घेतले. अपडेटनं भोक बुजतं, पण ज्या सेवेची गरजच नाही ती चालू कशाला ठेवायची? उद्या प्रिंटर घेतलात तर तो हातानं जोडता येतो. पाच मिनिटांचं काम आहे.

कचेरीत प्रिंटर सगळ्यांसाठी ठेवायचा असेल तर थोडं जास्त लक्ष द्यावं लागतं. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, मग अपूर्णविराम (:) आणि ६३१ असं लिहिलं की कप्सचं पान उघडतं. त्यातल्या ॲडमिनिस्ट्रेशन विभागात प्रिंटर शेअर करण्याची चौकट आहे. ती टिचकवा. तिच्याच खाली इंटरनेटवरून छपाईला परवानगी देणारी चौकट आहे, आणि दूरवरून कारभार करू देणारीही. या दोन्ही रिकाम्याच असू द्या. मी पाहिलेल्या एका कचेरीत तिन्हींवर खुणा होत्या. 'प्रिंट येत नाही' म्हणून कुणीतरी घाईत सगळं चालू करून ठेवलं होतं.

आणखी एक बारकावा. कप्सच्या सेटिंगमध्ये 'ॲट लोकल' असा शब्द येतो. त्याचा अर्थ 'आपली कचेरी' असा नाही. संगणक त्या घडीला ज्या नेटवर्कवर आहे ते सगळं, असा आहे. तोच लॅपटॉप हॉटेलच्या वायफायवर नेलात तर तिथला प्रत्येक पाहुणा 'लोकल' ठरतो. म्हणून शेअरिंग करायचं ते जागेवरून न हलणाऱ्या संगणकावर.

विंडोजवर धोका अधिक गंभीर, कारण स्पूलर सिस्टीम या सर्वोच्च हक्कानं चालतो. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रॅमनं पसरण्यासाठी वापरलेल्या वाटांपैकी एक स्पूलरमधूनच जात होती. २०२१ मध्ये प्रिंटनाइटमेअर नावाची त्रुटी समोर आली. साधं खातं असलेला माणूस दूरवरून प्रिंटरचा ड्रायव्हर म्हणून स्वतःचा प्रोग्रॅम घुसवू शके. मायक्रोसॉफ्टनं नेहमीच्या तारखेची वाट न पाहता ६ जुलैपासून दुरुस्ती द्यायला सुरुवात केली, तीही जुन्या विंडोज ७ ला धरून. जिथे छपाई होतच नाही, विशेषतः सर्व्हरवर, तिथे स्पूलर बंदच ठेवावा. जिथे स्वतःपुरतं छापायचं आहे तिथे ग्रुप पॉलिसीत जाऊन स्पूलरनं बाहेरच्या जोडण्या स्वीकारण्याची परवानगी काढून घ्या आणि स्पूलर पुन्हा सुरू करा. तुमची छपाई चालू राहील, बाहेरच्यांची थांबेल.

हे सगळं संगणकाच्या बाजूचं झालं. नेटवर्कवरच्या प्रिंटरला स्वतःचीही पोर्ट असतात, आणि त्यातलं ९१०० क्रमांकाचं पोर्ट सहसा पासवर्ड विचारतच नाही. पुढच्या आठवड्यात त्याकडे वळू. तोपर्यंत तुमच्या प्रिंटरच्या मेनूत जाऊन त्याचा आयपी पत्ता एका कागदावर लिहून ठेवा. सुरुवात तिथूनच करायची आहे.