पेटंट आणि नवेपणाची कसोटी

पेटंट मिळाले म्हणजे शोधाच्या नवेपणाची हमी मिळाली, असे नव्हे. मिर्झापूरच्या दोन भांडी-उत्पादकांमधील वादात हे तत्त्व स्पष्ट झाले. लेथवर भांडे पकडून ठेवणाऱ्या साधनाचे १९५१ सालचे पेटंट त्यांपैकी एकाकडे होते. पूर्वी भांडे चिकट द्रव्याने बसवीत. ते निसटून उडण्याचा धोका असे. नव्या साधनात दाब देणाऱ्या दांड्याने ते घट्ट धरले जाई.

अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी हे पेटंट रद्द केले. खंडपीठाने अपिलात तो निर्णय फिरविला. अखेर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पेटंट रद्दच ठरविले. ज्ञात भागांची ही जुळणी म्हणजे केवळ कार्यशाळेतील सुधारणा होय. कुशल कारागिराला सहज सुचणाऱ्या बदलास शोध म्हणता येत नाही, असा या निर्णयाचा आशय आहे.

पेटंट ही नव्या ज्ञानाच्या मोबदल्यात समाजाने दिलेली मर्यादित मक्तेदारी असते. आज तिची मुदत २० वर्षे आहे. जुन्याच ज्ञानावर ती दिल्यास लहान कारखानदाराला रूढ युक्तीसाठीही परवानगी घ्यावी लागेल. म्हणूनच १९७० च्या पेटंट कायद्यातील कलम ६४ मध्ये पेटंट रद्द करण्याची तरतूद आहे.